पाणमांजराची साक्ष

टिंबर फोर्क गावात वेंडेल ऑस्टबीच्या शब्दाला वजन होतं. तो काउंटीचा घरपट्टी ठरवणारा अधिकारी. एखाद्याच्या गोठ्याकडे बघून त्याने 'पक्कं बांधकाम' म्हटलं की तो गोठा, चारी बाजूंनी वारा आत येत असला तरी, पक्का व्हायचा आणि मालकाची घरपट्टी वाढायची. लोक चरफडायचे, त्याच्या तपकिरी टायबद्दल पाठीमागे बोलायचे, पण वेंडेल खोटं बोलतो असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणायला मासेमारी मंडळाचं वार्षिक जेवण उजाडावं लागलं.

या जेवणात, एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा ओरपून झाला की, वर्षातल्या सर्वांत मोठ्या थापेला एक लाकडी पळी बहाल करायची पद्धत आहे. पळी चांगली हातभर लांब. तिच्या दांड्यावर तापल्या सळईने विजेत्याचं नाव डागतात, आणि पुढच्या जेवणापर्यंत ती त्याने आपल्या घरी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, टांगायची असते. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट. पण कुठलीही गंमत दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेली असेपर्यंतच गंमत असते.

वेंडेलला ती मिळाली खरं बोलल्याबद्दल.

झालं होतं ते असं. वेंडेल पिसांची खोटी माशी लावून ट्राउट मासा पकडतो. मंडळाच्या नियमाप्रमाणे पकडलेला ट्राउट हलक्या हाताने परत पाण्यात सोडायचा असतो. त्यामुळे पुरावा म्हणून उरतात ते माणसाचे दोन तळहात आणि त्यांच्यामधलं अंतर, आणि हे अंतर नदीवरून घरी येईपर्यंत वाढतं हे सर्वांना ठाऊक असतं. तर वेंडेलला आयुष्यातला सर्वांत मोठा ट्राउट लागला, तो सोडायला तो वाकला, आणि तेवढ्यात पाण्यातून एक पाणमांजर वर आलं. त्याने वेंडेलच्या हातातला ट्राउट तोंडात धरला, समोरच्या खडकावर जाऊन बसलं, आणि वेंडेलकडे शांतपणे बघत डोक्यापासून सुरुवात करून मासा संपवला.

वेंडेलने हे सगळं जेवणात उभं राहून, अहवाल वाचावा तसं सांगितलं. एकही विशेषण न लावता. तिथेच त्याचं चुकलं. थाप मारणारी माणसं अशीच गंभीर चेहऱ्याने बोलतात.

"म्हणजे मासा गेला," मंडळाचा अध्यक्ष रॉयस हॅवरकँप डोळे पुसत म्हणाला, "आणि साक्षीदार पोट भरून गेला. वेंडेल, लेका, इतकी वर्षं आम्हाला उगाच वाटायचं की तुला कल्पनाशक्ती नाही."

पळी एकमताने वेंडेलला मिळाली.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, लोर्नाने, ती स्वयंपाकघरात घड्याळाखाली टांगली. "सूप ढवळायला तरी उपयोगी पडली असती," ती म्हणाली, "पण फारच लांब आहे. थापेसारखी."

"लोर्ना, ते घडलंय."

"मी कुठे नाही म्हणते? मी तुझी बायको आहे. तुझ्यावर विश्वास ठेवणं मला भागच आहे."

हे वाक्य वेंडेलने पुढचा अख्खा हिवाळा डोक्यात घोळवलं, आणि प्रत्येक वेळी ते त्याला थोडं अधिक लागलं.

आता कोणी म्हणेल, रॉयसला त्या जागेवर घेऊन जायचं, पाणमांजर दाखवायचं, विषय संपला. असं म्हणणारा माणूस टिंबर फोर्कचा नव्हे. इथे माणूस एक वेळ बँकेतली शिल्लक सांगेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं ते जेवताना सांगेल, पण ट्राउट कुठे लागला ते सांगणार नाही. कोणी सरळ विचारतही नाही. ते फार असभ्य समजतात. आडून विचारतात. "बुटाला लाल माती दिसतेय, वर पाऊस झाला वाटतं?" असं. म्हणून शहाणी माणसं परतताना बूट धुतात, गाडी भलत्याच पुलाशी लावून मैलभर चालतात, आणि अगदीच कोणी खनपटीला बसलं तर हात साधारण उत्तरेकडे हलवतात. उत्तरेला कॅनडा आहे. खोटं ठरत नाही.

त्यातून वेंडेलची जागा त्याची नव्हतीच. ती हेझेल लिंडगारेन या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची होती. हेझेलकाकू आणि त्यांचा नवरा आयनर दोघं मिळून चाळीसएक वर्षं विलो फोर्क नदीच्या एका आडवळणाच्या डोहावर मासे पकडत होती. सगळ्या गावाला माहीत होतं की असा एक डोह आहे, आणि कुठे आहे ते कोणालाही माहीत नव्हतं. आयनर गेला तेव्हा रॉयसने दफनविधीच्या वेळी काकूंचे दोन्ही हात हातात घेऊन सांत्वन केलं, आणि त्याच दमात म्हणाला, "तो डोह त्याच्याबरोबर जायला नको होता." काकू म्हणाल्या, "नाही गेला." आणि हात सोडवून घेतले.

पुढे काकूंचे गुडघे गेले. वाहत्या पाण्यात उभं राहणं संपलं. एक दिवस त्यांनी कुंपणावरून वेंडेलला हाक मारली आणि म्हणाल्या, "अरे, तू तोंडाचा घट्ट आहेस. लोकांच्या घराच्या किमती तुला ठाऊक असतात आणि तू बोलत नाहीस. तुला डोह देते. दोन अटी. एक, कोणाला सांगायचं नाही. रॉयसला नाही, पाद्रीबुवांना नाही, लोर्नाला नाही."

"लोर्नाला कशाला, तिला माशांचा वासही सहन होत नाही."

"तिला तर मुळीच नाही. आणि दुसरी अट, परत आलास की आधी माझ्याकडे यायचं आणि काय काय दिसलं ते सांगायचं. मासे नकोत. मासे सगळे सारखेच असतात. बाकीचं सांग."

तेव्हापासून वेंडेल नदीवरून आधी काकूंच्या मागच्या दारी जायचा. पाणमांजराची हकिकतही त्यांनीच सर्वांत आधी ऐकली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "डोक्यापासून खाल्लं?"

"डोक्यापासून."

"मग खरं आहे," त्या म्हणाल्या आणि कॉफी ओतली.

पण या निकालावर मंडळाची मोहर नव्हती. बर्फ वितळलं तसं वेंडेलने ठरवलं की आपण सरकारी माणूस, आपण सरकारी मार्गाने जाऊ. विलो फोर्कमध्ये पाणमांजरं आहेत एवढं जरी कोणी अधिकृतपणे म्हटलं तरी मंडळाला निम्मी थाप मागे घ्यावी लागेल. तो वन्यजीव खात्याच्या कार्यालयात गेला. तिथे टॅन्सी नावाची एक हसतमुख मुलगी बसली होती.

"अस्वल का?" तिने विचारलं.

"पाणमांजर."

"अरे वा. चावलं का?"

"नाही. मासा घेतला."

"चावलं असतं तर सोपं होतं," टॅन्सी म्हणाली. "चावलेल्यांचा वेगळा विभाग आहे. बरं, नुसतं दिसलं म्हणून लिहू. कुठे दिसलं?"

वेंडेलने हात उत्तरेकडे हलवला.

टॅन्सीचे वडील स्वतः मासे पकडणारे होते, त्यामुळे तिला हात कळला. पण कॉम्प्युटरला कळेना. जागेचा रकाना भरल्याशिवाय तो पुढे जाईना. दोघांनी 'नदी' लिहून पाहिलं, 'पाणी' लिहून पाहिलं, तो हटला नाही. वेंडेलने आयुष्यात हजारो लोकांना 'रकाना रिकामा ठेवता येणार नाही' असं सुनावलं होतं. काउंटरच्या या बाजूने ते वाक्य कसं ऐकू येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

शेवटी टॅन्सी म्हणाली, "मी आपली इथल्या ऑफिसचा पत्ता घालते. नोंद झाल्याशी कारण."

नोंद झाली. चार दिवसांनी वरच्या कार्यालयातून दोन माणसं पिंजरा आणि बांगड्याचे डबाबंद तुकडे घेऊन आली, आणि टॅन्सीच्या ऑफिसच्या गटाराचं झाकण काढून बसली. त्यांच्या कागदाप्रमाणे इमारतीत पाणमांजर होतं. दोन दिवसांनी पिंजऱ्यात मोटेलवाल्याचं गलेलठ्ठ मांजर सापडलं. ही बातमी टायरच्या दुकानात पोचायला वेळ लागला नाही. दुकान रॉयसचं.

"वेंडेल," संध्याकाळी कुंपणावर कोपरं टेकून रॉयस म्हणाला. तो पलीकडच्या घरात राहायचा. "सरकारी साक्षीदार पकडला म्हणे. म्याव म्हणाला?"

वेंडेल पाइपने गवताला पाणी घालत राहिला.

"हे बघ, मी तुझा मित्र आहे," रॉयस म्हणाला. "तुला कागद नकोय. तुला फोटो पाहिजे. माझा कॅमेरा घेऊन जा. चांगलं लांब भिंग आहे. मैलावरच्या गरुडाची पापणी दिसते. आणि मागचं सगळंसुद्धा कसं स्वच्छ येतं बघ. झाडंबिडं, दगडबिगड."

वेंडेल भारावला. अपमान झालेल्या माणसाला सहानुभूती दिसली की तो तिचा तळ बघत नाही.

खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हताच, हातांचा होता. ट्राउट पकडताना उजव्या हातात काठी असते, डाव्या हातात दोरी, मासा लागला की जाळी, आणि पाय गुळगुळीत गोट्यांवर धरून ठेवायला सगळं उरलेलं लक्ष. कॅमेऱ्यासाठी देवाने तिसरा हात दिलेला नाही. यावर गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. न्हाव्याने कॅमेरा टोपीवर बसवायला सांगितलं. पाद्रीबुवांनी पोटावर, पट्ट्याने, कांगारूसारखा. रॉयसने टायरची जुनी ट्यूब कापून तिचा लवचीक पट्टा करून दिला; तो गळ्यात घातला की कॅमेरा छातीवर बसायचा आणि वाकल्यावर खाली जाऊन, सरळ झाल्यावर उसळून हनुवटीवर आदळायचा. जूनभर वेंडेलची हनुवटी निळी होती. ऑफिसात लोक घरपट्टीबद्दल भांडायला यायचे आणि हनुवटी बघून, आपल्या आधीच कोणीतरी येऊन गेलं असं समजून, नरमाईने बोलायचे.

पहिल्या फोटोंत वेंडेलचा गुडघा होता. मग अंगठा. मग आकाश, बऱ्यापैकी. एकदा काठी मागे नेताना माशीचा गळ कॅमेऱ्याच्या झाकणात अडकला आणि पुढच्या झटक्यासरशी झाकण डोहाच्या मध्यावर जाऊन पडलं. एका प्रचंड ट्राउटने वर येऊन ते तोंडात घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. वेंडेल रात्र रात्र जागून पिसांच्या माशा बांधतो. त्यांच्याकडे या ट्राउटने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

जुलैत मूस आली, म्हणजे इथली राक्षसी हरणी. घोड्याहून उंच, आणि बरोबर पिल्लू. वेंडेल कमरेएवढ्या पाण्यात, ती काठावर, आणि तिच्या मागे घरी जायची वाट. कॅमेऱ्याने फोटो काढण्याआधी 'टिट' असा आवाज केला. मूसने कान मागे पाडले. ज्याला मूस माहीत आहे त्याला माहीत असतं, कान मागे पडले की ती आता अंगावर येणार. वेंडेल विलोच्या फांद्यांखाली सरकला आणि तिथे उभा राहिला. मूस चरली, पिल्लाला पाजलं, पाण्यात आली, परत गेली, आणि ऊन उतरेपर्यंत तिने त्याला विसरायचं नाकारलं. कंटाळून त्याने तिचे फोटो काढले. प्रत्येक 'टिट'ला ती एक पाऊल पुढे यायची, त्यामुळे शेवटच्या फोटोत फक्त नाक आहे.

ते नाक काकूंना फार आवडलं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांनी ते कितीतरी वेळ पाहिलं. गुडघाही पाहिला. "हा तुझ्या गुडघ्यामागे पक्षी आहे बघ. पाण्यात बुडी मारणारा. तो अजून आहे होय." आणि पुढचं बटण दाबायला सांगितलं. वेंडेलला वाटलं, मंडळात काकूंसारखी दोन माणसं असती तर आपल्याला एवढा खटाटोप करावा लागला नसता.

"पण ते पाणमांजर मिळायला हवं," तो म्हणाला.

"कशाला?"

"काकू, माझं नाव डागलंय त्या पळीवर. लोक येतात, बघतात. परवा एका बाईने मी तिच्या गॅरेजची किंमत सांगितल्यावर विचारलं, 'ही पण पाणमांजराने सांगितली का?' माझा धंदाच खरं बोलण्याचा आहे."

काकूंनी त्याच्या हनुवटीला लावायला मलम दिलं.

पाणमांजर सप्टेंबरच्या शेवटी आलं, कॉटनवुडची पानं पिवळी पडल्यावर. त्या दिवशी कसं कोण जाणे, सगळं जमलं. मोठा ट्राउट लागला, दोरी तुटली नाही, पाय घसरला नाही. वेंडेलने मासा काठाशी आणला, आणि पाण्यात एक तपकिरी रेघ त्याच्या दिशेने येताना दिसली. गेल्या वर्षी त्याने मासा वाचवायची धडपड केली होती. या वेळी त्याने मासा चक्क पुढे केला, वाढपी ताट पुढे करतो तसा. पाणमांजराने तो घेतला, खडकावर चढलं, आणि वेंडेलकडे बघितलं. वेंडेलने काठी सोडून दिली. काठी वाहून गेली. कॅमेरा हनुवटीवर न आदळता डोळ्यासमोर आला आणि 'टिट' वाजलं.

फोटो मासिकांत छापतात तसा आला होता. मिशांवरचे थेंब मोजता येत होते. तोंडात आडवा ट्राउट, त्याच्या लाल ठिपक्यांसकट. वेंडेलने तो घरी कॉम्प्युटरवर उघडला, खुर्ची मागे सरकवली आणि लोर्नाला हाक मारली. आवाज त्याने मुद्दाम साधा ठेवला.

लोर्ना हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अय्या. ही तर हेझेलची जागा."

वेंडेलला आधी समजेना.

"हा दुभंगलेला खडक. आणि मागचं वीज पडून जळालेलं झाड, हे असं कोपरात वाकलेलं. हेझेलच्या जिन्यात तिच्या लग्नाचा फोटो आहे बघ, त्यात दोघं याच खडकावर बसलीयेत. मागे हेच झाड. मला वाटायचं कुठे स्वीडनला वगैरे गेली होती." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तो तुझा डोह म्हणजे आयनरचा डोह? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं."

"बरोबर आहे तिचं," लोर्ना जरा विचार करून म्हणाली. "पण हे झाड खालच्या वळणावरच्या पुलावरूनही दिसतं. मी इतकी वर्षं बघतेय, फक्त हेच ते झाड हे आत्ता कळलं. मला कळलं तर रॉयसला कळायला किती वेळ लागेल?"

तेव्हा वेंडेलला ते लांब भिंग, ती झाडंबिडं आणि दगडबिगड आठवलं. फोटो मोठा छापून देतो असं रॉयस परवाच म्हणाला होता. मंडळात बावन्न सभासद होते. रविवार उजाडायच्या आत डोहावर बावन्न जोडी बूट उतरले असते, आणि पाणमांजरापुढे दर थोड्या वेळाने ताट आलं असतं.

मग कापाकापी सुरू झाली. आधी त्याने जळालेलं झाड कापलं. मग पलीकडचा काठ, कारण तिथल्या दरडीला लाल पट्टा होता आणि असा पट्टा खोऱ्यात एकच आहे. राहिला खडक. पण पाणमांजर खडकावर बसलेलं. खडक कापायचा तर पाणमांजर पोटापासून वरच ठेवावं लागत होतं, आणि भेग खांद्यामागून वर गेलेली, म्हणून खांदाही गेला. शेवटी उरलं एक ओलं डोकं, एक कान आणि ट्राउटचं शेपूट.

"कोणाच्याही घरातला फोटो वाटतोय," लोर्ना म्हणाली. "असा माझा मामा दिसायचा, आंघोळीनंतर."

जेवणाच्या दिवशी वेंडेलने कापलेला फोटो मंडळाच्या टीव्हीवर लावण्यासाठी घेतला. आणि कोटाच्या आतल्या खिशात, घडी न घालता, अख्ख्या फोटोची छापील प्रत ठेवली. का ठेवली ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. तपकिरी टाय लावला, भिंतीवरची पळी परत करायला काखेत मारली आणि निघाला.

रस्सा झाला. थापा झाल्या. एकाने अस्वलाने आपली गाडी चालवल्याचं सांगितलं, ते ठीक होतं. मग वेंडेल उभा राहिला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर ते ओलं डोकं आलं. सभागृहाने मान एका बाजूला कलवली.

"काय आहे ते?" मागून कोणी विचारलं.

"पाणमांजर," वेंडेल म्हणाला. "मासा खाताना."

"फरची टोपी आहे ती. लोर्नाची."

"टोपीला कान असतो का?"

"लोर्नाच्या टोपीला आहे."

रॉयस हसत नव्हता. तो टीव्हीजवळ जाऊन, चष्मा वर करून, कडा न्याहाळत होता. "वेंडेल," तो वळून म्हणाला, "माझा कॅमेरा असं चिंधीएवढं चित्र काढत नाही. हा कापलाय. अख्खा दाखव."

"एवढाच आहे."

"अख्खा दाखव आणि पळी मी आत्ता इथे मोडून शेकोटीत टाकतो. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो, उभं राहून." त्याने चष्मा खाली केला. "अख्खा असेल तर तू खरा माणूस. नसेल तर सांग, हा कुठून आणलास."

वेंडेलचा हात कोटाच्या खिशापर्यंत गेला. प्रतीची कड बोटाला लागली. बावन्न लोक वाट बघत होते, आणि त्यांतल्या निदान चाळीसांची घरपट्टी त्याने ठरवली होती. त्याला त्या बाईचं गॅरेज आठवलं, गटारातलं मांजर आठवलं, निळी हनुवटी आठवली. मग कुंपणावरून आलेली हाक आठवली. तोंडाचा घट्ट आहेस, म्हणाल्या होत्या.

त्याने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

"प्राणिसंग्रहालयात काढला," तो म्हणाला. "शहरात. काचेतून."

"आणि मासा?" रॉयसने विचारलं.

"मासा सुपरमार्केटमधून नेला होता," वेंडेल म्हणाला. "बर्फातला."

अस्वलाने गाडी चालवल्यावर जे हसले होते, त्यांनीही आता खाली बघितलं. पिसांच्या माशीने ट्राउट पकडणाऱ्या माणसाने दुकानात जाऊन मासा विकत घेणं, ही थाप नव्हे, हे अधःपतन होतं. आणि गंमत बघा. इतकी वर्षं अक्षर न् अक्षर खरं बोलणाऱ्या माणसाची खरी हकिकत कोणी मानली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलला, तर सर्वांनी ताबडतोब विश्वास ठेवला. एकानेही पुरावा मागितला नाही.

रॉयस खुर्चीत बसला. त्याचा चेहरा डोह हातातून निसटलेल्या माणसाचा होता. पण तो अध्यक्ष होता, आणि कर्तव्याला चुकणारा नव्हता. "आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकायला," तो म्हणाला, "ज्याने उन्हाळाभर माझा कॅमेरा नदीवर वाहून नेला, काठीसुद्धा हरवली म्हणून सांगितलं, आणि शेवटी काचेमागच्या पाणमांजराला शिळा मासा चारला..." त्याने पळी उचलून पुन्हा वेंडेलच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या, त्यांत थोडी सहानुभूतीही होती. यंदाची पळी वेंडेलने कमावली होती, ही गोष्ट त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काकूंच्या मागच्या दारी गेला. लोर्नाने आधीच फोन केला होता, त्यामुळे त्याला काही सांगावं लागलं नाही. काकूंनी कॉफी ओतली, हात पुढे केला, आणि त्याने अख्खा फोटो त्यांच्या हातावर ठेवला.

काकूंनी पाणमांजराकडे पाहिलंच नाही. माशाकडेही नाही. त्या खडक बघत होत्या.

"शेवाळ चढलंय," त्या म्हणाल्या. "आयनर डबा ठेवायचा त्या भेगेत. लोणी वितळू नये म्हणून. एकदा विसरला तर पुढच्या वर्षी परत मिळाला, रिकामा, झाकण लावलेला." त्यांनी बोटाने भेग वरपासून खालपर्यंत पुसली. "झाड अजून उभं आहे. मला वाटलं होतं एव्हाना पडलं असेल."

वेंडेल कॉफी पीत राहिला. मग काकूंनी चष्मा बदलला, फोटो खिडकीपाशी नेला आणि पहिल्यांदाच पाणमांजराकडे नीट पाहिलं. मग माशाकडे. मग पुन्हा पाणमांजराच्या डोक्याकडे. अंगठा आणि तर्जनी फोटोवर ठेवून त्यांनी डोक्याची रुंदी घेतली आणि ती माशावर, तोंडापासून शेपटीपर्यंत, एकेक करत सरकवली.

"लोर्नाला मासा किती इंच म्हणून सांगितलास?"

"तेवीस."

काकूंनी पुन्हा एकदा मोजलं.

"पाण्यात मोठा दिसत होता," वेंडेल म्हणाला. मग त्याला आठवलं की घरी घड्याळाखाली पळी टांगलेली आहे आणि दांड्यावर आता त्याचं नाव दोनदा डागलं जाणार आहे. "अठरा," तो म्हणाला.

"साडेसतरा," काकू म्हणाल्या. त्यांनी ओट्सच्या डब्यामागे, कपाटाच्या दाराला आतून, फोटो टाचणीने लावला आणि दार लावून घेतलं.